दुसरी शोसेत्सु

ओसाकात आमच्या काराहोरीच्या गल्लीत सार्वजनिक न्हाणीघर आहे. लढाईनंतर तिथं पैसे घ्यायला नुईमावशी बसायची. बायकांची बाजू आणि बाप्यांची बाजू यांच्या मधोमध उंच बैठक असते, तिथून दोन्हीकडचं सगळं दिसतं. गल्लीतला असा एक बाप्या नव्हता की ज्याचं ढुंगण नुईमावशीनं पाहिलं नव्हतं, आणि ज्याला त्याची लाज वाटावी असाही कुणी नव्हता. ती बघायचीच नाही. हात पुढं, नाणं घेतलं, मान इतकीशी हलवली, झालं. न्हाणीघराचा मालक उमेकिची म्हणायचा, बाई म्हणजे देवळाच्या दारातला दगडी कोल्हा आहे, समोर कुणी उघडा होऊन नाचला तरी हलायची नाही.

कान तेवढा हलायचा. हौदात बसून कुणी बेसूर गायला लागला की ती फळीवर बोटानं टकटक करायची. माणूस गप्प व्हायचा. का गप्प झालो ते त्याला कळायचं नाही.

लोकांना ती एवढीच माहीत. याच बाईच्या व्हायोलिनच्या तबकड्या एके काळी ओसाकापासून नागासाकीपर्यंत वाजत होत्या असं कुणी सांगितलं असतं तर गल्ली हसली असती. सांगणारं माणूस एकच होतं, माझी आई तोमे. आणि आईचं कोण ऐकणार? ती लोणची विकायची, आणि मापात नाही पण बोलण्यात गिऱ्हाइकाला भरपूर जास्त घालायची, असा तिचा लौकिक. पण ही गोष्ट तिनं वाढवलेली नव्हती. ती तिथं होती.

आई लग्नाआधी किनुगावा घराण्यात मोलकरीण होती. किनुगावा म्हणजे कोतो वाजवणाऱ्यांचं घराणं. तारांची लांबलचक लाकडी कोतो चटईवर आडवी ठेवायची, पुढ्यात गुडघे मोडून बसायचं, आणि गुरूनं शिकवलेल्या जुन्या रचना जशाच्या तशा वाजवायच्या. घराण्याचे गुरुजी आंधळे होते. या विद्येत आंधळे गुरुजी पुष्कळ, पण हे गुरुजी चार डोळसांना बाजारात विकून परत येतील इतके हुशार. त्या काळी व्यापाऱ्यांच्या पोरींना व्हायोलिनचं वेड लागलं होतं आणि कोतोच्या जोडीनं व्हायोलिनवर जुन्या रचना वाजवायची टूम निघाली होती. गुरुजींनी ओळखलं की आपल्या घरात व्हायोलिनवालं कुणी नसेल तर या पोरी दुसऱ्याच्या दारात चपला काढतील. घरात राहून शिकणाऱ्या मुलींतली सगळ्यात तिखट कानाची मुलगी त्यांनी निवडली आणि लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याकडे तिला व्हायोलिन शिकायला पाठवलं. ती नुई. टोफूवाल्याची पोर.

"आमची नुईआक्का," आई सांगायची, "लहानपणापासनं सोयाबीन वाटून वाटून मनगटानं अशी घट्ट झालेली, की गज वडला तर शेवटापतूर सूर पातळ व्हायचा न्हाई. बाकीच्या पोरी वाजवायच्या तर वाटायचं, मांजर दारात चेंगरलंय."

गुरुजींचा एक नियम होता. व्हायोलिन परक्या मुलखातलं असेल, पण या घरात ते चटईवर, टाचांवर बसूनच वाजवायचं. कोतो बसते, व्हायोलिनही बसेल. उभं राहून वाजवतात ते बँडवाले आणि रस्त्यावर गाणी विकणारे. नुई तशीच शिकली. म्हाताऱ्याकडे उभी राहायची, घरी आल्यावर बसायची.

सम्राट मेइजी वारले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तबकडी कंपनीचा गोरा साहेब ओसाकात आला. एका खानावळीच्या माडीवर त्यानं यंत्र मांडलं. तबकडीवर छापायला नाव पाहिजे, आणि टोफूवाल्याची नुई असं काही छापता येत नाही. म्हणून त्या सकाळी गुरुजींनी तिला घराण्याचं नाव दिलं. किनुगावा शोसेत्सु. हे नाव घराण्यात पूर्वी कुणाचंच नव्हतं, नवं कोरं होतं. खांद्यावर घराण्याचं चिन्ह असलेला काळा अंगरखा दिला, तांदळाच्या दारूचा पेला दिला, आणि माणसं तशीच उठून खानावळीत गेली. गुरुजी, त्यांना हात धरून नेणारी त्यांची मुलगी सुमा, नुई, आणि सामान उचलायला आई.

माडीवर खिडक्या बंद. भट्टीत बसल्यासारखं उकडत होतं, कारण ज्या मेणावर आवाज कोरायचा ते गार होऊन चालत नव्हतं. भिंतीतून आवाज टिपायचं एक भलंमोठं शिंग बाहेर आलेलं, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. साहेबानं खुणेनं सांगितलं, उभी राहा. गुरुजी म्हणाले, बसूनच. दुभाषा घामाघूम झाला. शेवटी खानावळीतल्या सगळ्या उश्या आणि बसायच्या गाद्या गोळा केल्या, एकावर एक रचल्या, आणि त्या डोलणाऱ्या ढिगाऱ्यावर नुई टाचांवर बसली, तोंड शिंगाच्या आत गेल्यासारखं. गुरुजींची कोतो टेबलावर चढवली. रचनेला जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्यातच मेण संपत होतं, म्हणून गुरुजींनी तिचा मधला भाग तिथल्या तिथं कापला.

पहिल्या खेपेला खिडकीबाहेरच्या कापराच्या झाडावरचे किरकिरे किडे मधे ओरडले. मेण वाया गेलं. आईला बांबू देऊन खाली पाठवलं, झाड झोडपत राहा म्हणून. दुसऱ्या खेपेला गुरुजीच खोकले. तिसऱ्या खेपेला नुईनं अशी सुरुवात केली की पंखा हलवणारी सुमा पंखा हलवायची विसरली. हे आईला कसं कळलं, ती तर झाडाखाली होती, असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, "सुमाताईनीच सांगितलं मला. रातीला पाय चेपून घेताना. म्हणाली, तोमे, मला असं कधी जमणार न्हाई गं."

हे वाक्य आई शेवटपर्यंत जसंच्या तसं सांगायची.

तबकड्या परदेशात घडून आगबोटीनं आल्या तोवर थंडी पडली होती. शेवयांच्या दुकानात, चहाच्या घरात, वेश्यांच्या वस्तीतसुद्धा शोसेत्सुचं व्हायोलिन वाजू लागलं. साहेब पुन्हा आला, पुन्हा गाद्या रचल्या, आणखी तबकड्या झाल्या. रस्त्यानं जाताना दुकानातून आपलाच गज ऐकू आला की नुई लाजून दुसऱ्या बाजूनं जायची. आई म्हणे, लाजायची कसली, लांबून नीट ऐकू येतं म्हणून जायची.

मग ती बिघडली, असं किनुगावाकडचे लोक सांगतात. ती कोबेला एका रशियन मास्तरकडे जाऊ लागली. क्रांतीतून पळून आलेला माणूस, भाषा येत नव्हती, चूक झाली की स्वतःच्या मांडीवर चापट मारून घ्यायचा. त्यानं तिला तिकडचं अभिजात संगीत शिकवलं. ते टाचांवर बसून होत नाही, त्याला सगळं अंग लागतं.

घराण्याचा मोठा जलसा सार्वजनिक सभागृहात होता. पहिल्या भागात नुई बसून वाजवायला ठरली होती. कोतोवाल्या मुली बसल्या, पडदा सरकला, आणि नुई उठून उभी राहिली. रचना घराण्याचीच वाजवली, एक सूर इकडचा तिकडे केला नाही. फक्त उभी राहिली. गुरुजी पहिल्या रांगेत होते. पहिल्याच सुराला त्यांनी चेहरा वर उचलला. आंधळ्या माणसाला सूर कुठून येतोय ते कळतं. आवाज जमिनीपासून नेहमीपेक्षा उंचावरून येत होता. रचना संपेपर्यंत त्यांनी चेहरा खाली केला नाही.

घरी आल्यावर आरडाओरडा झाला नाही. गुरुजींनी तिला समोर बसवलं आणि विचारलं, पाय दुखत होते का. ती म्हणाली, नाही. उभं राहिल्यावर आवाज मोकळा होतो.

"तुला उभं राहायचं असेल तर राहा," गुरुजी म्हणाले. "पण नाव बसलेलं आहे. ते ठेवून जा."

आमच्याकडे गुरूनं दिलेलं नाव गुरू परत मागू शकतो. मागितलं की द्यायचं. नुईनं काळा अंगरखा घडी करून चटईवर ठेवला, नावाची लाकडी पाटी त्यावर ठेवली, कपाळ टेकवलं आणि व्हायोलिनची पेटी घेऊन बाहेर पडली. आई तिच्या मागनं वळणापर्यंत गेली. तिथं नुई तिला म्हणाली, नाव काय, भांड्यावरची चिठ्ठी आहे, भांडं माझ्याकडे आहे. तेव्हा ती जेमतेम सत्तावीस वर्षांची होती.

चूक तिथं झाली. तिला वाटलं, नाव दिलं म्हणजे पुढचं नाव दिलं. मागचंही गेलं हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

वर्ष उलटायच्या आत गुरुजींनी ते नाव सुमाला दिलं. घराण्यात व्हायोलिनला कुणी तरी पाहिजेच होतं. सुमा नीटनेटकं वाजवायची, चटईवर बसून. तिला दुसरी शोसेत्सु म्हणायला हवं होतं, सुरुवातीला म्हणतही. पण तबकडीवर नुसतंच शोसेत्सु, मग लोक मधला आकडा कशाला बोलतील. तबकड्या पुन्हा निघाल्या तेव्हा कंपनीच्या यादीत सुमाचा फोटो आला. गुरुजी वारले, आणि त्यांच्या स्मृतीच्या दगडावर शिष्यांची नावं कोरली त्यात सुमाच्या नावापुढं 'पहिली शोसेत्सु' असं आलं. कोरणाऱ्याला कुणी सांगितलं ते कुणालाच माहीत नाही. घराण्यातून घालवलेल्या माणसाला मोजत नाहीत, एवढंच.

नुई कंपनीत गेली. तिथल्या कारकुनानं तिला चहा दिला, तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण नाव कुणाचं हे घराणं सांगतं. आम्ही तबकडी विकतो, वाजवणारा हात विकत नाही."

तोवर ती दोतोनबोरीच्या सिनेमा थिएटरात वाजवत होती. मूकपटाचे दिवस, पडद्यापुढच्या खड्ड्यात दहाबारा वाजवणारे, वरती एक माणूस उभा राहून गोष्ट सांगणार. तिथं ती खुर्चीवर बसायची आणि रडायच्या प्रसंगी एकटी वाजवायची. लोक तिकीट काढून रडायला यायचे. ती स्वतःच्या नावानं वाजवायची, पण खड्ड्यातल्यांचं नाव कुणी विचारत नाही. तिथल्या चेलो वाजवणाऱ्याबरोबर तिनं काही वर्षं संसार केला. तो खोकल्यानं गेला. मग बोलपट आले आणि एका सकाळी मालकानं खड्ड्यावर फळ्या मारून घेतल्या. वर दोन रांगा जास्तीच्या बसल्या.

पुढं कुठं नाचघरात, कुठं चहाघरात, मग लढाईत हवाई छत्र्यांच्या दोऱ्या शिवायच्या कारखान्यात. विमानांनी ओसाका जाळलं त्यात तिचं घर गेलं. स्वतःच्या जपून ठेवलेल्या तबकड्या वितळून एकमेकींना चिकटल्या, त्यांचा एक काळा गोळा झाला. ती आमच्या दारात आली तेव्हा तोंड काजळीनं माखलेलं आणि काखेत पेटी.

"तांदळाचं भांडं टाकून ह्ये खोकं उचाललंस व्हय?" आई म्हणाली. "आता ह्येच शिजवून खा." आणि तिला आत घेतलं.

न्हाणीघरातली नोकरी आईनंच लावून दिली. तिथल्या वाफेनं लाकूड फुगतं, म्हणून व्हायोलिन आमच्याकडे पांघरुणांच्या कपाटात असायचं. सुट्टीच्या दिवशी नुईमावशी यायची, वाजवायची, बापाचं नाव काढून शिव्या द्यायची बोटांना, आणि चहा पिऊन जायची. किनुगावाचं नाव तिनं मधल्या काळात एकदाच काढलेलं मला आठवतं. आमच्या शेजाऱ्यानं रेडिओ घेतला होता. त्यावर जुनं व्हायोलिन लागलं आणि निवेदक म्हणाला, आपण ऐकलंत शोसेत्सुबाईंचं तरुणपणीचं वादन, त्या आजही ओसाकात कलेची सेवा करत आहेत. नुईमावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "नाव घेऊन गेली ते ठीक. हात घेऊन गेली. मी मेल्यावर तो हात तिच्या थडग्यात जाणार." तिला बाकी काही नको होतं. पैसे नको, माफी नको. त्या तबकड्या मी वाजवल्या एवढं लोकांना कळावं, बस्स.

आणि मग एके दिवशी सुमाताई स्वतः आली.

दुपारची वेळ, न्हाणीघर उघडायचं होतं. उमेकिची भट्टी पेटवत होता. आई त्याच्यासाठी मुळ्याचं लोणचं घेऊन गेली होती, म्हणून तिनं हे सगळं ऐकलं. सुमाताईचा किमोनो राखी रंगाचा, उंची. हातात गोड वड्यांचा डबा. डबा खाली ठेवताना त्याचं झाकण वाजत राहिलं इतका हात थरथरत होता.

"नुई, अजून वाजवतेस का गं?"

"नळ वाजवते. गरम आणि गार."

सुमाताईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रेडिओ केंद्रावर कार्यक्रम होता. आधी जुनी तबकडी, मग तीच रचना प्रत्यक्ष. तिला तर गज धरवत नव्हता. घरातल्या मुलींपैकी कुणाला ते जमण्यासारखं नव्हतं.

"मी नाव खाली ठेवते आहे," ती म्हणाली. "तुला देते."

"देते म्हणजे? माझंच होतं की ते."

"घराण्याचं होतं. आधी तुझ्याकडे होतं, मग माझ्याकडे आलं. पण आता लोकांच्या लेखी पहिली मीच आहे. वडिलांच्या दगडावर तसं कोरलेलं आहे, तो काही मी फोडू शकत नाही. तू दुसरी होशील. माझी शिष्या म्हणून."

आईला हसू फुटलं. तिनं ते लोणच्याच्या बरणीत दाबलं, असं ती सांगायची. मग म्हणाली, "आवं ताईसाहेब, आईला लेकीच्या पोटी जल्माला घालताय काय?"

"तोमे, तू मधे बोलू नकोस," सुमाताई म्हणाली. रागानं नाही. तिला खरोखर वाटत होतं की ती मोठं मन करून आली आहे. जाताना तिनं नुईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, दोघीही म्हाताऱ्या झालो, आता घरी ये.

नुईमावशीनं हो म्हटलं. त्या संध्याकाळी आई तिच्याशी भांडली. टोफूवाल्याच्या पोरीला लाज कशी नाही, तिच्यापुढं आता कपाळ घासणार का, असं बरंच बोलली. नुईमावशी व्हायोलिनच्या खुंट्या पुसत होती.

"मला तो माइक पाहिजे, तोमे. एकदाच. सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असं सांगते. मग घेऊन जाऊ दे तिला नाव परत. दुसऱ्यांदा परत करायला मला काही वाटायचं नाही."

विधी झाला. किनुगावाच्या मोठ्या खोलीत सगळे शिष्य बसले. नुईमावशीनं सुमाताईपुढं कपाळ टेकलं, पेल्यातली दारू दोघींनी आलटून पालटून घेतली, काळा अंगरखा अंगावर आला. तिच्याहून वयानं निम्म्या असलेल्या मुलींनी तिला घराण्यातली नवी भगिनी म्हणून नमस्कार केले.

कार्यक्रमाच्या दिवशी उमेकिचीनं रेडिओ मधल्या बैठकीवर ठेवला, म्हणजे दोन्हीकडे ऐकू येईल. पैसे घ्यायला तो स्वतः बसला होता आणि बायकांच्या बाजूनं त्याच्यावर शेरे चालू होते. नुईबाई बऱ्या, त्यांचे डोळे तरी जागच्या जागी असायचे. मी बाप्यांच्या बाजूला टॉवेल गुंडाळून बसलो होतो. आमच्याकडे छपरांवर कौलं घालणारा जेन्झो होता, शाळेचे निवृत्त हेडमास्तर ओदागिरी होते. आई पलीकडे होती.

तबकडी लागली. खरखर होती. तिच्यातून व्हायोलिन आलं आणि न्हाणीघरात नुसतं नळाचं पाणी गळायचा आवाज उरला. मी ती रचना आमच्या घरात कित्येकदा ऐकली होती, पण हे वेगळं होतं. कुणीतरी अठरा वर्षांचं माणूस, आपल्याला पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना नसलेलं, गज ओढत होतं आणि मागं वळून बघत नव्हतं.

मग निवेदकानं सुमाताईला विचारलं. ती गोड बोलली, वडिलांची आठवण काढली. त्यानंतर तो म्हणाला, आता शोसेत्सुबाईंच्या शिष्या, दुसऱ्या शोसेत्सु. आपल्या गुरूंच्या या वादनाबद्दल आपल्याला काय वाटतं?

नुईमावशीचा आवाज रेडिओतून जाड यायचा. ती म्हणाली, "आत्ता तुम्ही ऐकलंत ते मी वाजवलेलं आहे. मी अठरा वर्षांची होते. त्या खोलीत वाजवणारी मी होते."

उमेकिचीनं माझ्याकडे पाहिलं. नंतर सुमाताईचा आवाज आला, भरून आलेला.

"ऐकलंत ना? आमच्या वडिलांची शिकवण हीच. नाव घेतलं की आधीच्या माणसाचा हात तो आपला हात, त्याचं वय ते आपलं वय. मी सगळं आयुष्य घालवलं, पण असं म्हणायची हिंमत मला झाली नाही. हिनं घेतल्या घेतल्या म्हटलं. मला आणखी काय पाहिजे?"

निवेदक म्हणाला की गुरुशिष्याचं असं नातं आजकाल दुर्मिळ झालं आहे. त्याचाही आवाज ओला झाला होता.

ओदागिरी हेडमास्तरांनी टॉवेल डोळ्यांना लावला. जेन्झो म्हणाला, शिष्य असावा तर असा, आमची पोरं शिडी धरायला कंटाळतात. आणि मग भिंतीपलीकडनं आईचा आवाज आला.

"ती खरं बोलतीया. मी होते तिथं. तबकडी तिचीच हाय."

"हो गं बाई हो, तिचीच," पलीकडची कुणीतरी बाई तिला समजावत म्हणाली. "आता नाव तिचं म्हटल्यावर सगळं तिचंच की."

"अगं तसं न्हवं, रांडेच्यांनो..." आई म्हणाली आणि थांबली. मला ते भिंतीतूनही कळलं. जे सांगायचं ते सांगून झालेलं होतं, आणि सगळ्यांनी ते कबूलही केलं होतं.

नुईमावशी वाजवायला लागली. उभी होती की बसलेली ते रेडिओवर समजत नाही. पहिला सूर लागायला थोडा वेळ लागला. गार पाणी आणि नाणी हाताळून बोटं आखडलेली होती, वेगाच्या जागी तिनं वेग धरला नाही. मधेच एक ओढ अशी आली की जेन्झोची चिलीम विझली. पण तेवढीच. रचना संपली तेव्हा हेडमास्तर विचार करून म्हणाले, बरं वाजवतात, हात तयार आहे. पण गुरूची गोष्ट निराळी. ते तबकडीतलं जे आहे ना, ते शिकवून येत नाही.

न्हाणीघरात सगळ्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नुईमावशी बैठकीवर येऊन बसली. लोक नाणं देताना वाकून नमस्कार करू लागले. ती तशीच मान हलवायची. आईनं तिला विचारलं, नाव परत कधी करणार. ती म्हणाली, "कशाला? परत केलं तर म्हणतील, बघा, स्वतःला गुरूच्या लायकीची समजत नाही. किती नम्र." आणि हसली. तिचं ते हसू आईला आवडलं नाही.

पुढं सुमाताई गेली. प्रेतयात्रेत सगळ्यात पुढं पट्टशिष्या म्हणून नुईमावशी चालली, काळा अंगरखा घालून. तो मान दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

त्यानंतर एकदा क्योतोहून दातांचे डॉक्टर आले होते. जुन्या तबकड्या जमवायचा नाद होता त्यांना. न्हाणीघराच्या दारात उभे राहून त्यांनी रेशमी रुमालातून एक तबकडी काढली. एका बाजूलाच कोरलेली, अगदी पहिल्या निघालेल्यांपैकी. मधल्या कागदावर सोनेरी अक्षरं अजून वाचता येत होती. मी तिथंच होतो. नुईमावशीनं हात कंबरेच्या फडक्याला पुसले आणि तबकडी दोन्ही तळव्यांवर घेतली. लढाईनंतर तिनं ती पहिल्यांदाच हातात धरली होती. उजेडाकडे तिरकी करून तिनं तिच्यावरच्या रेघा पाहिल्या.

"सही मिळेल का?" डॉक्टरांनी विचारलं. ब्रश आणि शाई ते बरोबर घेऊनच आले होते. "गुरूंचं नाव छापलेलं आहे त्याच्या खाली. जरा लहान अक्षरात घातलीत तर बरं दिसेल."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. चांगला, सभ्य माणूस होता. टोपी काढून हातात धरली होती.

ती बैठकीवरच टाचांवर बसली, तबकडी फळीवर ठेवली, ब्रश टोकाशी ओठांनी बारीक केला, आणि छापलेल्या नावाच्या खाली, जरा लहान अक्षरात, तेच नाव लिहिलं. पुढं 'दुसरी' असं घातलं. शाई वाळेपर्यंत तिनं तबकडीवर फुंकर घातली, आणि मग दोन्ही हातांनी डॉक्टरांना परत दिली.